बाबांचं टोलेडो

माझ्या वडिलांनी माझ्या घरी राहून कधी काही मागितलं नाही. साताऱ्यात ज्यांच्या आवाजाला आम्ही भावंडं टरकून असायचो, ते बाबा इंग्लंडातल्या मिल्टन कीन्सच्या आमच्या घरात अंग चोरून वावरायचे. भाजी कुठली करू म्हटलं तर "जी होणार असेल ती." थंडी वाजतेय का म्हटलं तर "छे, मस्त आहे," आणि अंगात एकावर एक दोन स्वेटर. माझे आजोबा मुलीच्या सासरी पाणीही न पिणाऱ्या पिढीतले. बाबा त्या मानाने सुधारलेले, पण मुरलेलं जाता जात नाही. आई गेल्यानंतर मी किती मनधरणी केली तेव्हा कुठे ते आले, आणि आल्यापासून त्यांची बॅग पलंगाखाली अर्धी भरलेलीच होती. त्या बॅगेचा मला भयंकर राग यायचा.

नव्वदीची सुरुवातीची वर्षं, ऑगस्ट महिना. एका संध्याकाळी टीव्हीवर सुट्टीच्या सहलींचा कार्यक्रम लागला होता. टेकडीवरचं एक जुनं शहर दाखवत होते, तीन बाजूंनी नदीचा वेढा आणि वर चर्चचा उंच मनोरा. स्पेनमधलं टोलेडो. बाबांनी पेपर खाली ठेवला आणि खुर्ची पुढे ओढली. हे इथून किती लांब असेल, असं त्यांनी माझ्या नवऱ्याला विचारलं. नवरा म्हणाला, विमानाने माद्रिद, तिथून बस, फार नाही. जायचंय का, असं त्याने विचारल्याबरोबर बाबांनी पेपर पुन्हा तोंडासमोर धरला. सहज विचारलं, म्हणाले.

सहज कसलं. बाबांनी उभा जन्म शाळेत इतिहास शिकवला. मराठ्यांच्या तलवारींचा धडा आला की ते वर्गाला साताऱ्याच्या संग्रहालयात न्यायचे, काचेपलीकडची लांब सरळ फिरंग दाखवायचे आणि सांगायचे, "पातं समुद्रापलीकडचं, मूठ आपली. आणि पात्यांत पातं टोलेडोचं." मी त्यांच्याच वर्गात होते, त्यामुळे ते वाक्य मला पाठ आहे. नकाशावर बोट ठेवून ज्या गावाबद्दल पोरांना इतकी वर्षं सांगितलं, ते गाव माणसं तिकीट काढून बघून येतात हे त्यांना त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळलं. त्यांनी तोवर माझ्याकडे मागितलेली ती एकमेव गोष्ट, आणि तीही मागितली नाहीच. मी मात्र ठरवून टाकलं की बाबांना टोलेडो दाखवायचंच.

आमच्याकडे डॉक्टरांच्या घरांत तेव्हा एक अलिखित नियम होता. रजा इंडियाची. वर्षभर एकेक दिवस साठवायचा आणि सगळे मुंबईच्या विमानात घालायचे. नवऱ्याच्या हॉस्पिटलातली बाकीची डॉक्टर मंडळी दर उन्हाळ्यात स्पेनला जाऊन लालबुंद होऊन यायची. आम्ही इतकी वर्षं इंग्लंडात राहून साधी इंग्लिश खाडीही ओलांडली नव्हती. त्या वर्षी इंडियाच आमच्या घरी आलेली, म्हणून रजा मोकळी होती. मी शाळेत मदतनीस होते, त्यामुळे माझी सुट्टी हाफ टर्मलाच, म्हणजे सत्राच्या मधल्या आठवड्यात. नवऱ्याने ऑक्टोबरातला तो आठवडा मागून घेतला. माद्रिदला मुक्काम, आणि मधला एक पूर्ण दिवस टोलेडो.

मग बाबांनी आमचं जेवणाचं टेबल ताब्यात घेतलं. मी लायब्ररीतून स्पेनची पुस्तकं आणली, नकाशा आणला, आणि बाबांचा साताऱ्याचा आवाज परत आला. सकाळी ऊन पाठीशी असताना पूल बघायचा. पुलावरून वेशीतून आत. मग तलवारी घडवणाऱ्यांचं दुकान, तेही दुपारच्या आत, कारण पुस्तकात लिहिलं होतं की दुपारी सगळं गाव दारं लावून झोपतं. "यांचं आणि पुणेकरांचं नक्की काहीतरी नातं असणार," असं म्हणून ते किती दिवसांनी मोकळे हसले. टोलेडोला बदामाची मिठाई प्रसिद्ध आहे असं मी वाचलं होतं. मी तिच्या दुकानासाठी वेळ मागितला तर त्यांनी तो मला अगदी हात आखडून दिला. माझी दहा वर्षांची लेक त्यांच्या शेजारी बसून पुस्तक वाचून दाखवायची.

"आजोबा, इथे एक मोठा कथीड्रल आहे, तो बघायला टू आवर्स लागेल," ती म्हणायची.

एरवी त्यांनी तिचं मराठी सुधारलं असतं. आता त्यांनी फक्त कथीड्रल जेवणानंतर ढकललं. जेवण अर्थातच घरचं, दशम्या आणि लसणाची चटणी. माद्रिदच्या हॉटेलात दशम्या ठेवायच्या कशा यावर माझा आणि त्यांचा कडाक्याचा वाद झाला. मी आवाज चढवला, त्यांनीही चढवला, आणि मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

टोलेडोला चढ फार, हे वाचून ते सरावाला लागले. आता मिल्टन कीन्समध्ये चढ कुठून आणायचा? सगळं गाव पोळपाटासारखं सपाट. शेवटी त्यांना रेडवेवरचा, म्हणजे सायकलींच्या लाल रस्त्यावरचा, एक पूल सापडला. रोज सकाळी कानटोपी घालून तो एकच पूल ते पुन्हा पुन्हा चढायचे आणि उतरायचे. शेजारच्या बाईंनी मला हळूच विचारलं, तुझे वडील वाट चुकतात का गं.

आमचे पासपोर्ट एव्हाना ब्रिटिश झाले होते. स्पेनला जायला आम्हाला व्हिसा लागत नव्हता. बाबांचा मात्र इंडियाचा, म्हणून त्यांना स्पेनचा व्हिसा काढायला मी लंडनला त्यांच्या वकिलातीत घेऊन गेले. ते टाय लावून आले होते. खिडकीतल्या बाईने पानं उलटली, एका पानावर थांबली आणि पासपोर्ट आमच्याकडे फिरवला. ती अगदी सौम्यपणे बोलली. स्पेनचा व्हिसा मिळेल, पण यांचा ब्रिटनचा व्हिसा एकाच प्रवेशाचा आहे. इथून एकदा बाहेर पडले की त्यांना परत आत येता येणार नाही. मग जरा थांबून म्हणाली, माद्रिदहूनच ते थेट इंडियाला जाणार असतील तर काहीच अडचण नाही.

परतीच्या ट्रेनमध्ये आम्ही समोरासमोर बसलो. वॉटफर्ड स्टेशन मागे पडलं. मग मी विचारलं, "मुंबईत एकदाचाच व्हिसा का मागितलात?"

"त्यांनी विचारलं, किती वेळा जाणार. मुलीकडे किती वेळा यायचं माणसानं? बरं दिसतं का ते?"

मी संतापले. डब्यात लोक होते म्हणून हळू, पण संतापले. दादाच्या पुण्याच्या घरी जाताना असा हिशेब करता का, असं विचारलं. त्यांनी टायची गाठ सैल केली. व्हिसा देणाऱ्या परक्या माणसापुढेही त्यांना लेकीकडे दोनदा जायची लाज वाटली होती, आणि त्याच लाजेने त्यांचं टोलेडो घालवलं होतं.

टोलेडो मी आजवर पाहिलेलं नाही, हे इथेच सांगून टाकते. स्पेनला पुढे आम्ही जाऊन आलो, समुद्रावर. परतताना माद्रिदला टोलेडोची बस समोर उभी होती तरी मी चढले नाही. जावंसं खूप वाटतं, पण बाबा बरोबर हवे असतात, आणि ते आता कुठून आणू.

त्या संध्याकाळी टेबलावर नकाशा तसाच पसरलेला होता. मी बाबांना दोन्ही वाटा सांगितल्या. ऑक्टोबरात टोलेडो बघायचं आणि तिथूनच मुंबईचं विमान धरायचं. नाहीतर टोलेडो सोडायचं आणि ठरल्याप्रमाणे जानेवारीपर्यंत इथे राहायचं. परत जाता जाता टोलेडो दाखवावं, अशी मधली वाट नव्हती. जानेवारीत माझी शाळा होती, आणि ख्रिसमसला नवरा दरवर्षी ड्युटीवर, कारण ज्यांचा सण नाही त्यांनी वॉर्ड सांभाळायचा. हे सगळं मी कोरड्या आवाजात सांगितलं. ते काय निवडणार याची मला खात्री होती. जन्मभराची इच्छा पुरी होणार आणि जावयाच्या घरातून लवकर सुटका होणार, दोन्ही एकदम. राहा ना बाबा, राहा ना, असं माझ्या मनात सारखं चाललं होतं. तोंडाने मात्र म्हणवेना. त्यांचीच मुलगी मी.

त्यांनी नकाशाची घडी घातली.

"इतकी वर्षं न बघता शिकवलं," म्हणाले, "आता न बघता काही अडत नाही. थंडीभर इथेच राहिलो तर चालेल?"

मी म्हटलं, "हे काय विचारणं झालं, बाबा?"

"तसं नव्हे. डॉक्टरांना विचार. घर त्यांचं आहे."

घर माझंही आहे, हे मी ओठांवरच थोपवलं. बाहेरच्या खोलीत गेले. नवरा बातम्या बघत होता. मी त्याला खरोखरच विचारलं, कारण न विचारता बाबा राहिले नसते. हे काय विचारतेस, म्हणून तो हसायलाच लागला. मी आत आले, डोळे पुसले आणि त्यांना सांगितलं, "चालेल म्हणतात."