देवीचे नाक-डोळे

"थांबा, उन्हं उतरू देत."

कुणी काहीही विचारलं तरी आप्पांचं पहिलं उत्तर हेच. मूर्ती कधी मिळणार, चहा घेणार का, मुलाला दाखवलेली मुलगी कशी वाटते, सगळ्याला एकच. अर्थात त्यामागे कारण होतं. डोक्यावरच्या उन्हात दगड सपाट दिसतो; ऊन तिरकं झालं की एकेक उंचवटा आणि खळगा उघडा पडतो. म्हणून दगडाबद्दलचा निर्णय ते संध्याकाळीच घेत. पुढे माणसांबद्दलचाही घ्यायला लागले असावेत.

आप्पा मूळचे आमच्या बेळगुंदीचे, पण मूर्ती घडवायची शेड हिंडलग्याच्या रस्त्यावर. ऑफिस सुटलं की घरी जाता जाता मी तिथे स्कूटर थांबवायचे. आप्पांच्या भुवया, मिशा, बनियन, सगळं दगडाच्या पिठानं पांढरं. काकू चहावर बशी झाकून आणायच्या. "लवकर पी गं, न्हाईतर ह्यांचं पीठ पडतंय." दगड काळा, भलता कठीण. एखादा टवका उडायचा नाही तेव्हा आप्पा शिव्या द्यायचे, पण त्या छिन्नीला. दगडाला कधीच नाही.

एकदा एक गृहस्थ वडिलांचा फोटो घेऊन आले. अर्धपुतळा हवा होता, तोही हसरा.

"हे हसत हुते?" आप्पांनी विचारलं.

"न्हाय. लई कडक."

"मग आता कशाला हसतील?"

त्यांच्या मूर्ती टेंपोत बसून कोल्हापूरला, गोव्याला, हुबळीला जायच्या. टेंपो दिसेनासा होईपर्यंत आप्पा रस्त्यात उभे असायचे. "समद्या लेकी लांब दिल्या," म्हणायचे. "एक तरी आपल्या गावात ऱ्हायला पायजे हुती."

तशी वेळ आली. गावातल्या देवळाचा जीर्णोद्धार निघाला. आमची देवी म्हणजे एक काळा दगड. त्याला ना नाक, ना डोळे. कमिटीनं ठरवलं, नव्या देवळात रेखीव नवी मूर्ती बसवायची आणि जुना दगड नदीत सोडायचा. काम आप्पांनाच दिलं.

माझी आई त्या दिवशी जेवली नाही. लग्न होऊन आली तेव्हापासून सकाळी देवीला धुऊन हळद-कुंकू लावायचं काम तिचं. बाबा गेल्यावर काही जणांनी नाकं मुरडली, तरी तिनं ते सोडलं नव्हतं. "नवी आई मला वळखंल काय गं?" एवढंच तिनं मला विचारलं.

आप्पा दुपारी माप घ्यायला आले. नवा शर्ट, चेहऱ्यावर लपवता न येणारा आनंद. माप झालं आणि सवयीप्रमाणे ते बसून राहिले. कमिटीची चुळबुळ सुरू झाली. देवळाचं दार पश्चिमेला. उन्हं उतरली तशी आडवी होऊन आत आली आणि आप्पा दगडाशी वाकले.

"हिकडं या," त्यांनी हाक मारली.

आम्ही बघितलं. कपाळाच्या जागी बोटाच्या पेराएवढा एक गुळगुळीत खळगा होता. कुंकू टेकवून टेकवून पडलेला.

"मला हितं छिन्नी लागली असती," आप्पा म्हणाले. "बायकांनी नुसत्या बोटानं केलंय. किती पिढ्या लागल्यात कुणास ठावं. ही मूर्ती झाल्याली हाय, आणि तुम्ही नदीत सोडाय निघालाय व्हय?"

"आप्पा, गावात एक मूर्ती पायजे म्हणून तुम्हीच मागं लागलता की," अध्यक्ष म्हणाले.

आप्पांनी शर्टाची बाही उगाचच सारखी केली. "पायजे हुती," ते म्हणाले. "खरं, ऱ्हाऊ दे आता."

आई खांबाला धरून उभी होती. ती रडत होती आणि मीही. ज्यानं तिची देवी तिच्याजवळ राहू दिली त्या माणसाचे पाय त्याच वेळी धरायला हवे होते, असं मला आजही वाटतं. पुढे आप्पांनी देवीच्या मागची प्रभावळ तेवढी घडवली, आणि तीही अशी बेतानं, की नजर तिच्यावर ठरतच नाही, सरळ देवीवर जाते.

गेल्या वर्षी आप्पा गेले. दगडाच्या धुळीनं छातीत घर केलं होतं. शेडला आता कुलूप आहे.

बातमी आली त्या सकाळी आई देवळात गेली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तापातसुद्धा तिनं कधी चुकवलेलं मला आठवत नाही. शेजारच्या सुनेला बोलावून तिनं हळद-कुंकवाचं ताट तिच्या हातात दिलं आणि स्वतः भिंतीला टेकून बसली.

"आई, तू न्हाय जाणार?"

"सुतकात देवाला शिवत न्हाईत गं."

"आप्पांचं आपल्याला कसलं सुतक?"

मला एवढंही कळू नये याचं तिला नवल वाटलं असावं.

"तुझा मामा गेलाय," ती म्हणाली.