पदराआडचे हात

उरवड्याच्या रबर कारखान्यात फुलाबाई चौदा वर्षं चेकिंगच्या टेबलावर होती. गाड्यांच्या ब्रेकची रबरी सीलं हातात घ्यायची, फिरवायची, बाद ती बाजूला टाकायची. कारखाना उभा होता तो तिच्या सासऱ्यांनी विकलेल्या भातखाचरांवर. पण कागदावर ती कंपनीची नव्हे, ठेकेदाराची कामगार.

उन्हाळ्यात सीलं तपासणारा कॅमेरा आला. त्याला शिकवायला निषाद नावाचा इंजिनिअर तीन आठवडे तिच्या शेजारी बसला.

"मावशी, बाद कसं ओळखता?"

"बघून."

तिला खरंच तसं वाटत होतं. तिनं त्याला शेकडो सीलं निवडून दिली, वर डब्यातली भाकरीही. महिन्याभरात ठेकेदाराचा फोन आला. टेबलावरच्या सहाही बायकांनी उद्यापासून यायचं नाही.

फुलाबाई भुकूमच्या सोसायटीत जिने पुसू लागली. दिवाळीनंतर सुपरवायझर साधना दारात उभी.

"वैनी, चला. माल परत आलाय. कॅमेऱ्याचं मशीन चिरलेली सीलं पास करतंय."

फुलाबाई गेली. टेबलावरचं सील उचललं आणि अंगठा आपसूक दाबला गेला. बंद चीर उघडली. नुसत्या डोळ्यांना ती दिसलीच नसती. इतकी वर्षं अंगठा हे करत होता आणि तिलाच पत्ता नव्हता. तिनं हात झटकन मागं घेतला.

"काय चुकतंय, मावशी?" मॅनेजरनं विचारलं.

"कळलंय मला. आमा सहाजणींना कायम करा, मग सांगते. लिहून द्या."

तो हसला. "आजची हजेरी लावतो. जेवणही देतो."

"जेवून आलेय मी."

साधना कानाशी आली. "वैनी, सांगा की. कुणाचा ब्रेक फेल झाला तर?"

"ते मला इचारतीस? आमाला हाकललं तवा कुटं गेलतं ह्यांचं ब्रेक?"

पण तिथून निघवेना. रस्त्यावर तिचीही माणसं गाडी चालवत होती. ती खुर्ची ओढून बसली, मांडीवर पदर पसरला आणि क्रेटमधलं एकेक सील पदराखाली नेऊ लागली. बाद मालाचा ढीग वाढत गेला.

कॅमेऱ्यापाशी थांबलेला निषाद व्हिडिओ घ्यायला मोबाइल काढून पुढं वाकला. "मावशी, हात दिसू द्या ना."

"का? परत फुकट शिकायचंय?"

मॅनेजर चिडला. "ही काय नाटकं? पदर बाजूला घ्या!"

फुलाबाईनं मान वर केली. "बाईला पदर काढ म्हनतोस? पुन्यांदा म्हन, साऱ्या कंपनीला ऐकू दे."

तो मागं सरला. तिनं क्रेट संपवला आणि उठली.

"उद्याच्या मालाला सहाजणी लागतील. एकटी मी येनार न्हाई."