तिसऱ्या मजल्यावरचा कॉम्प्युटर

स्फाक्स शहराच्या बंदराजवळ ऑलिव्हचं तेल परदेशी धाडणारी एक पेढी होती. तिथले कॉम्प्युटर तिजानी सांभाळायचा. जिन्याखाली त्याची खोली. बायको वारलेली, मुलगा परदेशात, ल्योंला स्थायिक. दुपारी हरीसाची तिखट चटणी लावलेला पाव तो एकटाच खायचा आणि खाताना एक डोळा फोनवर ठेवायचा. फोन वाजला म्हणजे कुणाचं तरी अडलंय. कुणाचंच अडलं नाही, तर संध्याकाळपर्यंत तोंड उघडायचा प्रसंग येत नसे.

त्या वर्षी मात्र फोनला उसंत नव्हती. नव्या मालकांनी सगळे कॉम्प्युटर फ्रेंचमधून अरबीत करायला लावले आणि पडद्यावरची बटणं आरशातल्यासारखी उलटी झाली. ब्राउझर दोन होते, एक जुना आणि एक पेढीचं खातं असलेला नवा. बाहेरची लिंक जुन्यात उघडताना कॉम्प्युटर विचारायचा, यात फक्त आत्ता उघडू, की नेहमीच? जुन्या माणसांचा हात वाचायला थांबतो थोडाच! तो सवयीनं उजवीकडे जायचा. पूर्वी तिथं ‘फक्त आत्ता’ होतं, आता ‘नेहमीच’ होतं. एकदा दाबलं, की पेढीच्या कागदांच्या सगळ्या लिंका जुन्याच ब्राउझरमध्ये उघडायच्या. तिथं पेढीचं खातं नव्हतं, त्यामुळे उत्तर यायचं, ‘आपल्याला परवानगी नाही.’

सगळ्यात जास्त फोन रादियाचे. तिसऱ्या मजल्यावर ती माल रवाना करण्याचं काम बघायची आणि त्याला आदरानं ‘सी’ तिजानी म्हणायची.

“सी तिजानी, तुमच्या डबड्यानं आज पुन्हा मला दारातून हाकललं!”

“पुन्हा उजवीकडे दाबलंत ना, मादाम?”

“आयुष्यभर उजवीकडेच दाबत आले. नवऱ्याला वळण लावता आलं नाही, आता या हाताला कुठं लावू?”

काम दोन मिनिटांचं. पण तेवढ्यात बदाम घातलेल्या चहाचा पेला पुढ्यात यायचा आणि तो संपेपर्यंत उठणं बरं दिसत नसे.

मग मुख्य कार्यालयातून हुकूम आला. प्रत्येक कॉम्प्युटरवर असा नियम बसवायचा, की कुणी काहीही दाबलं तरी लिंक योग्य ब्राउझरमध्येच उघडेल. तिजानीनं एकेक मजला हातावेगळा केला. शेवटी रादियाच्या टेबलाशी आला, चहा प्यायला, लिंका तेवढ्यापुरत्या सुरळीत केल्या आणि नियम न बसवताच खाली उतरला. उद्या बसवू, असं मनाशी म्हणाला. रोज तसंच म्हणत राहिला.

एकदा तो शहराबाहेरच्या गोदामात गेला असताना बंदरावरच्या दलालानं रादियाला कागदांची लिंक पाठवली. ती उघडली जुन्या ब्राउझरमध्ये. परवानगी नाही. तिनं जिन्याखालच्या खोलीत फोनवर फोन केले. उचलायला कुणी नव्हतं. तेलाचा कंटेनर धक्क्यावरच राहिला, जहाज निघून गेलं. मॅनेजरनं सगळ्यांसमोर रादियाची खरडपट्टी काढली. “जमत नसेल तर घरी बसा,” इथवर बोलला.

तिजानी परतला आणि तडक वर गेला. आधी नियम बसवला. त्या दिवशी चहा आला नाही.

“सगळ्यांचं कधीच झालं म्हणे,” रादिया म्हणाली. “माझंच कसं राहिलं?”

“राहून गेलं.”

“राहून गेलं, की ठेवलं?”

 तिजानी तसाच मॅनेजरकडे गेला आणि चूक आपली आहे, बाईंची नाही, असं सांगून आला. त्याच्या नावावर लेखी ताकीद पडली.

त्यानंतर फोन वाजेना. लिंका निमूट योग्य ठिकाणी उघडत होत्या. पाव खाताना तिजानी फोनचा रिसीव्हर उचलून बघायचा, चालू आहे ना. चालूच असायचा.

एका सकाळी तो न बोलावता तिसऱ्या मजल्यावर गेला आणि दारातच अडखळला. बिघाड असल्याशिवाय तो कुणाच्या खोलीत कधी गेलाच नव्हता.

“काय बिघडलंय?” रादियानं पडद्यावरची नजर न काढता विचारलं.

“काही नाही.”

“मग?”

 तो वळला. जिन्याची पहिली पायरी उतरतो तोच मागून आवाज आला.

“सी तिजानी! या प्रिंटरचा आवाज येतोय. बघा जरा.”

तो परत आला. प्रिंटर बंदच होता, त्याची वायरही लावलेली नव्हती. रादिया आपल्या कामात होती. तिजानी गुडघ्यांवर बसला, प्रिंटरचं झाकण उघडलं आणि आत बराच वेळ बघत राहिला.