नवऱ्याला कसं विचारायचं?

आज खडकवासल्याच्या पुढच्या एका गावात हळदीकुंकवाला गेले होते. उखाणे संपल्यावर आमच्या आरोग्य संस्थेतर्फे मी एचआयव्हीच्या तपासणीबद्दल बोलायचं ठरलं होतं.

एक काकू हसल्या. "अवो बाई, लगीन झालेल्या बायास्नी कुठं हुतंय ते?"

नवऱ्याकडूनही होऊ शकतं, दोघांनी तपासून घ्यावं, असं मी म्हटलं. आत्ताच ऐटीत नवऱ्याचं नाव घेणाऱ्या सगळ्याजणी आपापलं वाण पिशवीत भरू लागल्या.

निघताना एक तरुण बाई मागे आली. तिचा नवरा ट्रक चालवतो, बऱ्याच दिवसांनी उद्या घरी येतोय. "ताई, इचारायचं कसं? म्हणंल, तुझंच कायतरी हाय. तुमी कसं इचारलंत?"

मी कधी विचारलेलंच नाही. तेही तिला सांगितलं नाही. "शांतपणे बोल," एवढंच म्हणाले.

माझा नवरा कंपनीच्या कामासाठी महिनोन्महिने परदेशात असतो. संध्याकाळी त्याचा फोन आला. जेवलास का, थंडी आहे का, सगळं विचारलं. ते एक वाक्य निघेना. फोन ठेवल्यावर घर फार मोठं वाटलं.

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कुणी विचारलंय? कोणत्या शब्दांत? तिचा नवरा उद्या येतोय. आणि माझाही कधीतरी येईलच.