आगानेताबाईंचा चौथा

आगानेता ड्यूक यांना चार मुलं. तिघांचा बाप्तिस्मा झाला, चौथा राहिला. कॅनडात, मॅनिटोबातल्या त्यांच्या मेनोनाइट ख्रिस्ती मंडळीत तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत नाहीत. माणूस जाणता झाला की आपणहून उभा राहतो, माझा विश्वास आहे असं चारचौघांत सांगतो, मग पाळक त्याच्या डोक्यावर पाणी ओततात. आईबापांच्या हातात काही नसतं. बाईंना हे तत्त्वतः मान्य होतं.

धाकटा अब्राम एकोणीस वर्षांचा असताना पाळकांनी त्याला विचारलं, "तयार आहेस?" तो म्हणाला, "नाही."

घरी बाईंनी त्याच्यापुढे सूप ठेवलं. "नाही म्हणालास?"

"खोटं कसं बोलू, आई?"

"बरोबर आहे. ते मीच शिकवलंय," बाई म्हणाल्या, आणि सॉसेजचा दुसरा तुकडा काही त्यांनी त्याला वाढला नाही.

नवरा गेल्यावर बाईंना चर्चला नेण्याचं काम अब्रामकडे आलं, कारण जवळ तोच राहत होता. बावीस वर्षं दर रविवारी तो त्यांना दाराशी सोडायचा आणि उपासना संपेपर्यंत गाडीतच बसायचा. हिवाळ्यात उणे तीसलासुद्धा. उन्हाळ्यात खिडक्या उघड्या असल्या की गीताच्या वेळी बाहेरून त्याचा खर्ज ऐकू यायचा.

"तुझा अब्राम गातो बरा," शेजारच्या बाकावरची सुझाना पेनर एकदा म्हणाली. "आत आला तर आणखी बरा गाईल."

"आत चार खर्जवाले आहेत," बाई म्हणाल्या. "बाहेर एकही नव्हता."

घरी मात्र त्या रोज सकाळी चारही मुलांची नावं घेऊन प्रार्थना करत, आणि अब्रामच्या नावापाशी कॉफी गार व्हायची.

अब्रामची मुलगी मार्लिस लहानपणापासून आजीबरोबर आत बसायची. सतराव्या वर्षी तिने बाप्तिस्म्याआधीच्या प्रश्नोत्तरीच्या वर्गात नाव घातलं. पेंटेकॉस्टच्या सणाच्या रविवारी मंडळीपुढे तिची विश्वासाची साक्ष होती, म्हणून अब्राम आत आला. लग्नातला कोट घालून सगळ्यात मागे बसला.

मार्लिस म्हणाली, "माझ्या आठवणीत बाबांनी एकही रविवार चुकवलेला नाही. घरी जेवणाआधी प्रार्थना तेच करतात. शेजाऱ्यांचं धान्याचं कोठार जळलं तेव्हा आपलं निम्मं बी त्यांनी न सांगता तिकडे पोचवलं. देव आहे हे मला त्यांच्याकडूनच कळलं. त्यांना ते अजून कळलेलं नाही."

कोणी हसलं नाही. हसावं की नाही हे ठरवायला मंडळीला वेळ लागतो. आगानेताबाई समोर बघत राहिल्या. तीस वर्षं त्या धरून चालल्या होत्या की आपल्या आईने आपल्याला दिलेलं विश्वासाचं देणं अब्रामपाशी येऊन थांबलं. ते थांबलंच नव्हतं. हे नातीकडून कळावं, याचा त्यांना फार आनंद झाला आणि थोडा रागही आला.

परतताना गाडीत अब्राम म्हणाला, "आई, त्या वर्गाला वयाची अट असते?"

"म्हाताऱ्यांना नसते."

पुढच्या हिवाळ्यात दर बुधवारी पन्नाशीचा अब्राम सोळा वर्षांच्या पाच पोरापोरींबरोबर बसू लागला. घरी बाई नूडल्स लाटता लाटता त्याची उजळणी घेत.

"एक शब्द चुकला."

"अर्थ तोच आहे ना?"

"अर्थ पाळक विचारतील. मी शब्द विचारतेय."

वसंतात त्याचा बाप्तिस्मा झाला. गुडघे टेकले ते ठीक, पण उठताना पाळकांना हात द्यावा लागला. बाई रडल्या, दोनेक मिनिटं. मग रुमालाची नीट घडी करून त्यांनी तो पर्समध्ये ठेवला.

दुपारी सगळे जेवायला होते. थोरली मुलगी कॅल्गरीहून आली होती. आईच्या खांद्यावर हात ठेवून ती म्हणाली, "झालं ना आता समाधान?"

"हो," बाई म्हणाल्या. "तुझी दोन्ही मुलं बाप्तिस्म्याला कधी उभी राहायची आहेत?"

थोरली सॅलड आणायला आत गेली.