एअरिंग कपबोर्डमधला बर्फ

डब्याचं झाकण निघालं आणि लॅबभर कुबट मोज्यांचा वास सुटला. हा वास आला की समजायचं, कारभार आटोपला.

आमच्याकडे जुन्या फिल्म दुरुस्त होतात. मूकपटांच्या काळातली फिल्म नायट्रेटची. ती भडकन पेटते, आणि नाही पेटली तर सडते. आधी चिकटते, मग तिची तपकिरी पूड होते. या डब्यात दोन्ही झालं होतं.

डबा आणला होता कॉव्हेंट्रीच्या आर्थरनी. नव्वदी ओलांडलेले, टाय लावून आलेले. उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातली प्रेमकथा, आणि जगात तिची दुसरी प्रत नाही. त्यात त्यांच्या आईनं काम केलेलं. आई गेली तेव्हा हे पाळण्यात होते. घरात तिचा एकच फोटो. मरायच्या आधी तिला एकदा हलताना बघायचंय, म्हणाले.

एवढी वर्षं डबा ठेवला कुठे होता, मी विचारलं. आधी गॅरेजमध्ये, मग एअरिंग कपबोर्डमध्ये, ते अभिमानानं म्हणाले. म्हणजे गरम पाण्याच्या टाकीशेजारचं कपाट, टॉवेल वाळवायचं. लग्न होऊन आलेल्या त्यांच्या बायकोला, मार्गारेटला, सासूबाई गारठ्यात पडलेल्या बघवेनात, म्हणून तिनं डबा घरात आणला. मी कपाळाला हात लावायची बाकी होते. नायट्रेटला ऊब म्हणजे विष.

माझी बॉस हेलन म्हणाली, त्यांना हे सांगू नकोस. मला राग आला, पण तिचंही चूक नव्हतं.

मोठ्या मिनतवारीनं एक तुकडा सुटला. स्कॅन केला. आर्थरना स्क्रीनसमोर बसवलं. बर्फ, लाकडी झोपडी, फरकोटातली एक बाई दाराकडे जाते. पाठमोरी. कडीला हात लावते, आणि पुढे नुसते डाग. त्यांनी ते पुन्हा पुन्हा पाहिलं.

"ती वळते का?"

"माहीत नाही. पुढचं उरलं नाही."

"गॅरेजमध्येच राहिलं असतं तर?"

हेलन कीबोर्डकडे बघत बसली. खोटं बोलणं माझ्या जिवावर आलं.

"बहुतेक वाचलं असतं."

आर्थरनी स्क्रीनवरचे डाग पुन्हा एकदा पाहिले. मग टाय सारखा करत म्हणाले, "बरं झालं, हे ऐकायला मार्गारेट उरली नाही."

मला रडू आलं. हेलननं चहा आणला, तो कोणीच प्यायलं नाही.

हल्ली जुनं रीळ सापडलं म्हणून कोणाचा फोन आला, की मी आधी विचारते, कुठे ठेवलंय? घरात असेल तर म्हणते, आत्ताच्या आत्ता बाहेर शेडमध्ये नेऊन ठेवा. कुडकुडू दे.