ताणावरची बाग

पिकल्या पेरूचा वास आला की मला शेळगावची ती दुपार आठवते आणि आजही तोंडाचा आ मिटत नाही. गावच्या सामाईक पेरूच्या बागेची आम्ही काही हौशी मंडळी देखभाल करायचो. उन्हाळ्यात पाणी बंद करून बागेला ताण द्यायचा, पानं गळू द्यायची, मग पावसाळ्यात बहर धरतो. तो बहर शाळेतल्या पोरांना कबूल केलेला, म्हणून आमच्यातले वडीलधारे आबा यांनी आम्हाला देवळात शपथ घातली, "थेंब जरी वतला तर याद राखा!" पण उन्हाळा सरत आला तरी पान पिवळं पडेना, बाग अशी हिरवीगार की गारवा थेट वालचंदनगरात जाणवावा. चोरून पाणी घालणाऱ्याला पकडायला मी भर उन्हात, उडता कावळा भाजून खाली पडेल अशा वेळी, बागेत शिरलो आणि थिजलोच. खुद्द आबा झाडाला कळशी ओतत होते! "आबा, तुमी?" "आरं, झाडं तान्हेली असताना माज्या घशाखाली पानी उतरंना." तेवढ्यात बांधावरून आमच्यातलेच तात्या आले घागर घेऊन, मागं त्यांची सून हंडा घेऊन, मग एकेक करत सगळीच मंडळी! प्रत्येकाला वाटलेलं, आपल्या एकट्याच्या पाण्यानं काय होतंय. आबा माझ्यावरच गरजले, "आन् तुज्या हातात बादली कशाला रं?" "रिकामी हाय, आबा!" मी ओरडलो. भरायचाही आळस केला, असंच सगळ्यांनी धरलं. त्या साली फूल धरलं नाही. पोरं पिशव्या घेऊन आली आणि नुसत्या सावलीत बसून गेली. तेव्हापासून ताणाच्या दिवसांत बागेला कुलूप असतं आणि किल्ली गावातल्या सगळ्यात आळशी माणसाकडं. तो मान अजून माझ्याकडून कुणी हिसकावलेला नाही.